काखेत कळसा

(शरीराला आजार होतात, तसेच मनालाही होतात. अशा आजारांवर आणि व्यसनावर आपल्या भागात उपचार कोठे मिळतात, तेथे कोण भेटते आणि तेथे कसे बोलावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)



ताप आला, पाय मुरगळला, पोट दुखले, तर काय करावे हे तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "चल, दवाखान्यात जाऊ." मुकुंदवाडीतील लहान मूलसुद्धा जवळचा दवाखाना बोट करून दाखवते.

पण समजा, तुमच्या शेजारची एक आपा महिनाभर कोणाशी बोललेली नाही. रात्र रात्र ती जागी असते. जेवणावर तिची वासना नाही. कारण नसताना तिचे डोळे भरून येतात. किंवा समजा, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारे कोणाचे तरी अब्बा पगार हाती आला की घरी येण्याआधी दारूच्या दुकानात शिरतात. आता कोठे जायचे? या प्रश्नाला मात्र सारी गल्ली गप्प होते. कोणी म्हणते, "नजर लागली असेल." कोणी म्हणते, "लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल." घरातली मोठी माणसे म्हणतात, "घरातली गोष्ट घरातच राहू द्या. लोक काय म्हणतील?"

'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी मराठीत म्हण आहे. पैशाच्या बाबतीत ती खरी असेल. आजाराच्या बाबतीत ती खरी नाही. झाकून ठेवलेला आजार वाढत जातो.

मराठीत आणखी एक म्हण आहे: 'काखेत कळसा आणि गावाला वळसा.' कळसा म्हणजे पाण्याचा लहान घडा. एक बाई तो काखेत धरूनच साऱ्या गावात शोधत फिरत होती, असा या म्हणीचा अर्थ. उर्दूतही अगदी अशीच म्हण आहे, ती तुम्हांला ठाऊकच असेल: 'बगल में छोरा, शहर में ढिंढोरा.' मनाच्या आजाराबाबत आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबांचे असेच होते. मदत जालना रस्त्यावरच्या रिक्षाच्या अंतरावर असते आणि माणसे तिच्यासाठी शेकडो मैल फिरून येतात.

हा आजारच आहे

मन आजारी पडते, ही काही नव्या जमान्याने काढलेली गोष्ट नाही. नवव्या आणि दहाव्या शतकांत बल्ख या प्रदेशात अबू जैद अल-बल्खी नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांनी शरीराचे आरोग्य आणि मनाचे आरोग्य या दोन्हींविषयी एकच ग्रंथ लिहिला. शरीर दुखते तसे मनही दुखते आणि दोघांचीही काळजी घ्यावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. कैरो शहरात १२८४ साली सुलतान कलाऊन यांनी मोठे रुग्णालय बांधले. तेथे मनाच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग होता. अशा रुग्णालयाला 'बीमारिस्तान' म्हणत. त्यातला 'बीमार' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातलाच आहे.

आता आपल्या देशाकडे पाहू. २०१५-१६ साली बंगळूर येथील 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. १०० प्रौढ माणसांपैकी दहा-अकरा जणांना मनाचा कोणता ना कोणता आजार असल्याचे तीत आढळले. त्यांपैकी बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. वेगवेगळ्या आजारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते.

दारूची गोष्ट याहून कठीण आहे. दिल्लीच्या 'एम्स' या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो, असे त्यात म्हटले आहे. तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. सारा वर्ग तापाने फणफणला आहे आणि औषध मात्र एकाच मुलाला मिळाले आहे, असे हे चित्र आहे.

जवळची दारे

मनाचा आजार म्हटला की पुष्कळांना 'येरवडा' आठवतो. चेष्टेतही मुले एकमेकांना "तुला येरवड्याला पाठवू" असे म्हणतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी पुण्याचे रुग्णालय येरवड्याला आहे. पण मनाच्या बहुतेक रुग्णांना तेथे जावे लागत नाही. ते घरी राहून, कामाला जाऊन, शाळा शिकूनही बरे होऊ शकतात. त्यांनी जायचे ते दार जवळच असते.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातील अशी काही दारे आपण ओळखून घेऊ.

पहिले दार आपल्या वस्तीतील महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्राचे. तेथील डॉक्टरांना त्रास सांगावा. कोठे जायचे ते त्यांना विचारावे आणि चिठ्ठी लिहून घ्यावी.

दुसरे दार चिकलठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाचे. लोक त्याला 'मिनी घाटी' म्हणतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची शासनाची योजना आहे. तिचे काम राज्यात जिल्हा रुग्णालयांतून चालते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. म्हणून पैसे नाहीत या कारणाने कोणी घरी बसू नये.

तिसरे दार पाणचक्की रस्त्यावरील घाटीचे. घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. हे महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. मराठवाड्याच्या गावागावांतून रुग्ण तेथे येतात. तेथे मनोविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. सिडको एन-६ मधील एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही मुकुंदवाडीपासून दूर नाही. ते खासगी आहे, म्हणून खर्चाची चौकशी आधी करावी.

चौथे दार टेलिफोनचे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. रात्री-अपरात्री केव्हाही तेथे फोन करता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मराठीत बोला किंवा हिंदीत बोला. पलीकडचा माणूस ऐकून घेतो आणि गरज असेल तर पुढे डॉक्टरांशी जोडून देतो. व्यसनाविषयी विचारायचे असेल तर १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जवळचे व्यसनमुक्ती केंद्र कोठे आहे, हेही तेथे समजते. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

कोण काय करते?

रुग्णालयात गेल्यावर निरनिराळी माणसे भेटतात. त्यांची कामे वेगवेगळी असतात. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. ते आजार ओळखतात आणि औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते प्रश्न विचारून, चाचण्या घेऊन आणि बोलून उपचार करतात. समुपदेशक रुग्णाचे आणि घरच्यांचे म्हणणे ऐकून घेतात आणि वाट दाखवतात. समाजकार्यकर्ते घरची अडचण समजून घेतात आणि सरकारी योजनांची माहिती देतात.

औषधांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. उदासीपणावरच्या गोळ्यांचा गुण चार दिवसांत येत नाही. त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. अनेक जण आठवड्यातच "काही फरक नाही" म्हणून गोळ्या बंद करतात. काही जण थोडे बरे वाटताच बंद करतात. दोन्ही चुकीचे आहे. औषध कमी करणे किंवा थांबवणे हे डॉक्टरांनाच विचारून करावे.

व्यसन कसे सुटते?

"मनात आणले तर कोणीही दारू सोडेल," असे आपण सहज बोलतो. मनात आणावे लागते, हे खरेच आहे. पण दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या शरीराला तिची सवय झालेली असते. अशा माणसाने ती एकाएकी बंद केली तर हात कापतात, घाम सुटतो, कधी झटके येतात, कधी भास होऊ लागतात. यात जिवालाही धोका असतो. आपल्या शहरात ज्यांना 'बटन' म्हणतात, त्या गोळ्यांचेही तसेच आहे. ती मुळात झोपेची औषधे आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे गुन्हा आहे. म्हणून व्यसन सोडायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

भिंतींवर आणि खांबांवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. मुलांनो, कोणालाही न सांगता त्याच्या चहात किंवा भाजीत औषध घालू नका. दारू सोडवण्याच्या काही औषधांवर माणूस दारू प्यायला तर त्याच्या प्राणावर बेतते. ज्याला व्यसन आहे त्याला सांगून, समजावून, बरोबर घेऊनच हे काम होते.

महाराष्ट्रात हे काम कसे उभे राहिले, त्याचे एक उदाहरण पाहा. १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते सुरू केले. त्यासाठी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी देणगी दिली. व्यसनातून बाहेर पडलेली अनेक माणसे तेथे पुढे कार्यकर्ते झाली. जो स्वतः त्या विहिरीतून वर आला आहे, तोच दुसऱ्याला दोर कोठे आहे ते नेमके सांगू शकतो. रुग्णांच्या पत्नींसाठीही तेथे 'सहचरी' नावाचा गट आहे. कारण व्यसन एकाला लागते आणि आजारी सारे घर पडते.

'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या नावाची माणसेही अशीच एकत्र येतात. अमेरिकेत १९३५ साली ही चळवळ सुरू झाली. तिच्या सभेत दारू सोडू इच्छिणारे लोक आपले अनुभव सांगतात. तेथे फी नसते आणि पूर्ण नावही विचारत नाहीत.

मात्र एखाद्या खासगी केंद्रात रुग्णाला ठेवण्यापूर्वी घरच्यांनी चार प्रश्न विचारावेत. केंद्राची शासनाकडे नोंदणी आहे काय? तेथे डॉक्टर केव्हा येतात? घरच्यांना भेटू देतात काय? खर्च लेखी देतात काय? जेथे मारहाण होते किंवा भेट नाकारली जाते, ते उपचाराचे ठिकाण नव्हे.

दवा आणि दुआ

बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी येथे सर्व धर्मांचे लोक मनाच्या रुग्णांना घेऊन जातात. दुआ मागितल्याने मनाला धीर येतो. तो कोणी हिरावून घेऊ नये. पण दुआ मागायची म्हणून दवा बंद करायची, असे कोठे आहे? गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे या शतकाच्या पहिल्या दशकात 'दवा-दुआ' हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांनीच रुग्णांना जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे, अशी ही योजना. रुग्ण दुआही मागतो आणि गोळीही घेतो.

याच्या उलट घडले ते तमिळनाडूतील एरवाडी येथे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. मनाच्या रुग्णांना तेथे साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे प्राणांना मुकली.

आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे. शासनाच्या सेवेत उपचार मिळणे हा याच कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. म्हणून "साऱ्या मोहल्ल्याला कळेल" ही भीती बाळगू नये.

तुमचे काम कोणते?

तुम्ही डॉक्टर नाही. कोणाचे व्यसन सोडवणे किंवा कोणाचा आजार बरा करणे, हे ओझे तुमच्या खांद्यावर नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या व्यसनाबद्दल मुलाचा काही दोष नसतो, हेही पक्के समजा.

तुमची कामे तीन आहेत. पहिले, न हसता ऐकून घेणे. दुसरे, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणे. अम्मी, मामू, खाला, वर्गशिक्षक, कोणीही चालेल. तिसरे, योग्य दार दाखवणे.

एखादा मित्र म्हणाला, "मला जगावेसे वाटत नाही," तर ती चेष्टा समजू नका. "तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार वाढत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. ही गोष्ट गुपित ठेवण्याचे वचन देऊ नका. लगेच मोठ्या माणसाला बोलवा आणि १४४१६ वर फोन करा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ वर फोन करा. अशा प्रसंगी घरचे लोक पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात जात नाहीत. पण असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असते, असेच २०१७ चा कायदा मानतो आणि तिची काळजी घेण्यास शासनाला सांगतो.

पाटीवरचे शब्द

हा पाठ मराठीच्या पुस्तकात का, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण रुग्णालयाच्या दारातच आहे. तेथील पाट्या मराठीत असतात. अनेक घरांत अम्मीला किंवा नानीला त्या वाचता येत नाहीत. त्या वेळी घरातला शिकणारा मुलगा किंवा मुलगी पुढे होते. 'बाह्यरुग्ण विभाग' म्हणजे जेथे तपासून रुग्णाला घरी पाठवतात. 'आंतररुग्ण विभाग' म्हणजे जेथे दाखल करून घेतात. 'मनोविकृतीशास्त्र विभाग' ही पाटी वाचून पुष्कळ जण दारातूनच माघारी फिरतात. त्या लांबलचक शब्दाचा अर्थ 'मनाच्या आजारांचा विभाग' एवढाच आहे.

आता हा संवाद मोठ्याने वाचा.

मुलगी : ताई, मनाच्या आजारांचा विभाग कोठे आहे?
कर्मचारी : आधी केसपेपर काढ. रुग्ण कोण आहे?
मुलगी : माझी अम्मी. तिला मराठी थोडेच समजते, म्हणून मी बोलते.
कर्मचारी : त्रास काय होतो?
मुलगी : झोप लागत नाही. छाती धडधडते. सारखी भीती वाटते.
कर्मचारी : किती दिवसांपासून?
मुलगी : दोन महिने झाले.
कर्मचारी : नाव, वय आणि पत्ता सांग. हा घे केसपेपर. त्या खोलीबाहेर दोघी बसा.
मुलगी : पुन्हा येताना काय आणायचे, ताई?
कर्मचारी : हाच केसपेपर आण. आधीची औषधे चालू असतील तर तीही आण.

पाहा, या मुलीने 'वेड' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्रास काय आणि किती दिवसांपासून, एवढेच तिने सांगितले. तेवढे पुरे असते. सात-आठ साध्या मराठी वाक्यांनी तिने आपल्या अम्मीला दारापर्यंत नेले. ती वाक्ये तुम्हांलाही येतात.

शब्दार्थ

व्यसन – लत; उपचार – इलाज; गुप्त – पोशीदा; हक्क – हक; धीर – हिंमत, तसल्ली; समुपदेशक – मशवरा देणारा; नोंदणी – इंद्राज; दुखणे अंगावर काढणे – आजारी असूनही इलाज न करणे; प्राणांना मुकणे – मरण पावणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक कोणता?
(आ) मुकुंदवाडीजवळील कोणत्या रुग्णालयाला लोक 'मिनी घाटी' म्हणतात?
(इ) 'मुक्तांगण' केंद्र कोणत्या साली सुरू झाले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या कामांत कोणता फरक आहे?
(आ) दीर्घकाळ दारू पिणाऱ्याने ती एकाएकी का सोडू नये?
(इ) खासगी व्यसनमुक्ती केंद्रात कोणते चार प्रश्न विचारावेत?

प्र. ३. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण या पाठाला कशी लागू पडते, ते लिहा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : दुखणे अंगावर काढणे, आहारी जाणे, माघारी फिरणे.

उपक्रम : जवळच्या आरोग्य केंद्रात वर्गशिक्षकांबरोबर जा. तेथील पाच मराठी पाट्या वहीत उतरवून घ्या, त्यांचे अर्थ उर्दूत लिहा आणि घरी वाचून दाखवा.